परसातला पाट कोणाच्या हवाली करावा याविषयी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वयाने थकलेली पण डोकं ठिकाणावर असलेली विधवा, कालवा खात्यातून निवृत्त झालेली पाटकरीण, राहणार कालव्याच्या वरच्या दाराशेजारचं कौलारू घर, माझ्या माघारी काय कोणाला द्यावं हे इथे लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेलं नाही. गोड बोलून भुलवायचा प्रयत्न मात्र बऱ्याच जणांनी केला आहे, त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी मला तपासलं आणि मी पूर्ण शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं. आज वार कोणता, असं त्यांनी मला विचारलं. मी तो सांगितला आणि त्यांचं घड्याळ मागे पडलं आहे हेही सांगितलं.

हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कचेरीसमोरचा टायपिस्ट स्वभावाने बरा आहे, पण त्याचा मेहुणा माझ्या शेजारच्या बंगलेवाल्याच्या भातगिरणीत कामाला आहे, आणि मेहुण्या-मेहुण्यांत काय बोलणं होतं ते कोणी पाहिलं? परिच्छेद संपल्यावर ओळीत जी जागा उरते तिथे मी रेघ ओढली आहे. जिथे रेघ दिसणार नाही तिथला मजकूर मागाहून कोणी घुसडला असं समजावं.

माझ्या थोरल्या मुलाने मागे एक तयार कागद माझ्या पुढ्यात ठेवला होता. "आई, नुसती सही कर, बाकी मी बघतो," असं तो म्हणाला होता. तो कागद मी "वाचून देते" म्हणून ठेवून घेतला आणि चुलीत घातला. त्याची कुठे नक्कल निघाल्यास ती खोटी आहे.

घर, पैसे, भांडी यांचं मी तोंडी सांगून गेले असते तरी चाललं असतं. भावंडं थोडी भांडली असती आणि गप्प बसली असती. हा कागद मी परसातल्या पाटासाठी करते आहे. माझ्या परसातून जो पाण्याचा पाट जातो त्याच्यावर खालची सगळी भातखाचरं पिकतात, आणि तो पाट माझ्या परसातून जातो हे कुठल्याही सरकारी कागदावर नाही. मी डोळे मिटले की परस ज्याच्या नावावर जाईल तो एका दुपारात चार टोपल्या माती टाकून तो बुजवू शकेल, आणि कायदा त्याला काही म्हणणार नाही. तेव्हा परस कोणाला द्यावं, एवढाच खरा प्रश्न आहे. बाकीची कलमं त्याच्याआधी उरकून घेते.

कलम पहिले, घर. तीन खोल्या, पडवी, वरची कौलं आणि न्हाणीघर हे थोरल्या मुलाला द्यावं. चतुःसीमा अशी: समोर कालव्याचा भराव, एका अंगाला लोकांची वाट, मागे परस ज्याचं कलम वेगळं आहे, आणि उरलेल्या अंगाला बंगलेवाल्याची कुंपणभिंत. ही भिंत दर दुरुस्तीला थोडी थोडी माझ्याकडे सरकते. आज ती जिथे आहे तिथे पायथ्याशी मी एक लोखंडी गज जमिनीत ठोकून ठेवला आहे. नेमका कुठे, ते मुलीला ठाऊक आहे.

थोरला वाईट नाही. माझ्या आजारपणात त्याने मला हातावर उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिला. हे मी विसरलेले नाही. सुनेने पथ्यपाणी नीट सांभाळलं. फक्त परसात कपडे वाळत घालायला गेली की ती भिंतीपासून पाटापर्यंत सरळ रेषेत चालते आणि चालताना तिचे ओठ हलतात. कपडे वाळत घालायला मोजमाप कशाला लागतं ते मला समजलेलं नाही.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल ते आणि माझ्या बांगड्या मुलीला द्याव्यात. तिने त्या मोडून जावयाच्या धंद्यात घालू नयेत. घालील, हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

कलम तिसरे, हत्यारं. हे थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या घरात खरी किमतीची वस्तू म्हणजे माझी हत्यारं, आणि तीच माझ्या माणसांना अडगळ वाटतात. मोठं फावडं, शेवाळ कापायचा लांब दांड्याचा कोयता आणि दाराचं चाक फिरवायचा लोखंडी दांडा हे नव्या पाटकऱ्याला द्यावं. तो दांडा खात्याचा नाही, माझ्या नवऱ्याने लोहाराकडून करून घेतलेला आहे. खात्याचा दांडा पहिल्याच वर्षी वाकला. नवरा गेल्यावर खात्याने त्याची जागा मला दिली तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, चाक फिरेल का तुमच्याच्याने?" चाक या दांड्याने फिरलं. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

रबरी बूट कोणी घालू नयेत. उजव्यात भोक आहे.

कोंड्याचा डबा मुलीला द्यावा. भराव कुठे गळतो ते वरून दिसत नाही. पाण्यावर मूठभर कोंडा टाकायचा आणि काठावर उभं राहून बघत राहायचं. पाणी सरळ वाहत असेल तर कोंडा निघून जातो. आत कुठे खेकड्याचं बीळ असेल तर कोंडा तिथे घुटमळतो, गोल फिरतो. तिथे चिखल आणि पेंढा ठासायचा. उन्हाळ्यात भरावाच्या बाहेरच्या अंगाला एकाच जागी गवत हिरवंगार दिसलं तरीही तिथे खणून बघायचं. लोक मला संशयी म्हणतात आणि पाठीमागे कुलूपबाई म्हणतात. म्हणोत. ज्यांनी हिरवं गवत पाहून आनंद मानला त्यांचे भराव फुटले, माझा कधी फुटला नाही. संशय घ्यायचा मला पगार मिळत होता. पगार बंद झाला, पण सवय काही सुटली नाही.

कलम चौथे, राहिलेले हिशेब. टपालवाल्याने माझी पत्रं वाचून मग मला दिली, हे मी त्याला माफ करते, कारण पत्रांत काही नसे. शाखा कार्यालयातल्या मोठ्या कारकुनाला माफ करत नाही. माझ्या दुरुस्तीच्या मागणीवर "पाहू" असं लिहून तो तीन साहेबांच्या बदल्या होईपर्यंत पाहत राहिला. बंगलेवाला मी आजारी पडल्यापासून फळांच्या टोपल्या पाठवतो आहे. माझी तब्येत एवढी कोणाला आवडते हे मला आधी माहीत नव्हतं. फळं मुलीच्या पोरांनी खाल्ली, तरी टोपल्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या सगळ्या त्याला परत कराव्यात, म्हणजे उद्या तो कोणाला काही दिलं होतं असं म्हणणार नाही.

धाकट्या जाऊबाईंचं काय ते पाचव्या कलमात येईल.

कलम पाचवे, परस.

हा पाट मुळात इथून जात नव्हता. खालच्या खाचरांना पाणी नेणारी चारी टेकडीच्या पोटाने गेलेली होती. एका पावसाळ्यात टेकडी खचली आणि चारी दगडमातीखाली गेली. रोपं लावायची वेळ जवळ आलेली, खालचे लोक डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हा माझ्या नवऱ्याने आमच्या परसातून पाट खणला आणि पाणी खाली उतरवलं. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "छान, तात्पुरती सोय झाली." आमच्या खात्यात तात्पुरती झालेली गोष्ट कधी संपत नाही. टेकडीतली चारी आजही गाडलेलीच आहे. नकाशावर मात्र ती वाहते आहे, आणि माझ्या परसात नकाशाप्रमाणे फक्त एक लिंबाचं झाड आहे.

परस खात्याला द्यावं असं आधी माझ्या मनात आलं. पण जो पाट त्यांच्या नकाशात नाही त्याचा गाळ ते काढणार नाहीत, आणि नकाशात घालायचा तर तो मोठा कारकून "पाहू" म्हणेल.

थोरल्याला द्यावं, तर त्याचं मोटारपंपांचं दुकान आहे. पाट बुजला की खालच्या प्रत्येकाला नदीवरून पाणी उचलायला पंप घ्यावा लागेल. तो असं मनात आणील असं मी म्हणत नाही. पण मागच्या महिन्यात पडवीत बसून आमचं बोलणं झालं ते जसं झालं तसं लिहिते.

"आई, परस मोकळंच पडलंय. तेवढं माझ्या नावावर कर, बाकीचं तू म्हणशील तसं."

"पाटाचं काय करशील?"

"पाट राहील की. कोण बुजवतंय?"

"बुजवायचं मी कुठं काढलं?"

त्याने कपात फुंकर मारली. मग म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वासच नाही." मी म्हटलं, "आहे की. घर देतेय ना." त्याने चहा अर्धा ठेवला आणि दुकानात निघून गेला. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मी बोललेलं मागे घेतलं नाही.

मुलीला द्यावं, तर ती चेहऱ्याने माझ्यावर आणि स्वभावाने बापावर गेली आहे. दार वाजलं की कोण आहे हे न विचारता उघडते. बंगलेवाला दोन दिवस "ताई, ताई" करील, तिसऱ्या दिवशी परस घेऊन जाईल आणि वर ती त्याला लिंबं बांधून देईल. माझा सगळ्यांत जास्त जीव तिच्यावर आहे. हे मी तिला कधी तोंडाने सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. जीव आहे म्हणूनच हे ओझं तिच्यावर टाकत नाही.

आता कोणी म्हणेल, एखाद्या सज्जन माणसाला द्या. तोही अनुभव आम्ही घेतला आहे. वरच्या दाराच्या कुलपाची किल्ली पाण्याची पाळी चालू असताना कोणाकडे असावी, यावर एकदा सगळ्यांची बैठक झाली आणि ठरलं की सर्वांत प्रामाणिक माणसाकडे असावी. असा माणूस म्हणजे बंगलेवाल्याचा बाप. मुलाकडे बघून त्याच्याविषयी मत करून घेऊ नये, त्याने खरोखरच कधी कोणाची काडी उचलली नाही. त्याची खाचरं दाराला लागून होती. त्याने ठरल्या वेळी दार उघडलं, त्याची खाचरं भरली, आणि तो समाधानाने घरी गेला. खालच्या अंगाला भराव खेकड्यांनी पोखरला होता, सगळं पाणी ओढ्यात जात होतं. त्याने चोरी केली नाही. त्याला पुढे जाऊन बघायची गरज पडली नाही, एवढंच. मी त्या वेळी कालव्याच्या दुसऱ्या टोकाला फुटलेल्या मोरीवर होते. परत आले तोवर शेवटच्या खाचरांतलं भात, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना, उभंच्या उभं वाळलं होतं.

सगळ्यांत शेवटचं खाचर माझ्या धाकट्या जावेचं. वाटणीत मोठ्या भावाला घर आणि धाकट्याला शेत असं झालं होतं. धाकट्या जाऊबाई दारावर आल्या आणि जमलेल्या लोकांदेखत मला म्हणाल्या, "हिनं वरच्यांना पाणी विकलं." माझा नवरा त्या पाण्यासाठी परस खणून गेला, आणि त्याच्या बायकोला हे ऐकावं लागलं. मी तिथून सरळ घरी आले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

पण पुढच्या बैठकीत मी उठून सांगितलं की किल्ली प्रामाणिक माणसाकडे नको, शेवटच्या खाचराच्या मालकाकडे द्या. ज्याच्याकडे पाणी सगळ्यांच्या मागून पोचतं तोच वाटेतली सगळी भोकं बुजवत येतो. लोकांना ते पटलं, आणि अजून तसंच चालू आहे. म्हणजे किल्ली जाऊबाईंकडे. पाळी सुरू झाली की मी किल्ली परसातल्या पाटाच्या मोरीजवळच्या खांबाला अडकवायची आणि त्यांनी ती न्यायची. पाळी संपली की त्यांनी अडकवायची आणि मी आणायची. त्या किल्लीला चिंधी बांधून गाठ मारत, म्हणजे दोन पाळ्यांच्या मध्ये मी किल्ली वापरली का ते त्यांना कळावं. मी ती गाठ सोडून माझी मारत असे. अशी आमची वर्षं गेली. पाळीच्या दिवसांत माझ्या झाडाची लिंबंही कमी होत, हे त्यांनी कबूल करो वा न करो.

तर गेल्या आठवड्यात मी कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडून जाऊबाईंना निरोप धाडला. त्या दुपारी आल्या. पायरीवरच उभ्या राहिल्या.

"बोलावलंस म्हणे."

"बस."

"बसायला नाही आले. मी कशावरही सही करणार नाही, आधीच सांगते."

"सही माझी आहे. परस तुला द्यायचंय."

त्या एक पायरी खाली उतरल्या. "का? काय खोट आहे त्याच्यात?"

"पाट आहे त्याच्यात."

"तुला पोरं आहेत की."

"आहेत. त्यांना पाण्याची गरज नाही."

त्या वळल्या. घरातून न येता बाहेरून वळसा घालून परसात गेल्या. मी खिडकीतून बघत होते. पाटाच्या काठाने त्या वरपासून खालपर्यंत चालल्या, अडकलेलं शेवाळ ओढून बाहेर टाकलं आणि मोरीशी येऊन थांबल्या.

"उजव्या अंगाला गळतंय," त्या तिथूनच ओरडल्या.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर बुजवलं का नाहीस?"

"वाकता येत नाही."

चपला काढून त्या पाण्यात उतरल्या. त्यांचंही वय झालं आहे, उतरताना लिंबाच्या झाडाला धरावं लागलं. चिखल आणि पेंढा ठासून त्यांनी भोक बुजवलं, पायाने दाबलं, मग पुन्हा हात घालून पाहिलं. नव्या पाटकऱ्याने ते भोक दोनदा पाहून सोडलं होतं. थोरल्याने पाहिलंही नव्हतं. मग त्या चिखलाच्या हातांनी खिडकीशी आल्या.

"त्या वर्षी मी दारावर बोलले ते…"

"ते राहू दे. ते मी मृत्युपत्रात घालणार आहे."

"काय घालणार?"

"की तू बोललीस ते खोटं होतं."

त्यांनी हात झाडले. "घाल. खोटंच होतं. घरी पोचायच्या आत कळलं होतं मला."

"मग आली का नाहीस सांगायला?"

"तू आत घेतलं असतंस?"

मी विचार केला आणि नाही म्हटलं. त्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग डोळे पुसायला सवड मिळावी म्हणून मी त्यांना पाणी आणायला पाठवलं. त्यांचं हे बोलणं मी त्यांच्यासमोरच कागदावर उतरवलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी दोन शब्द काढायला लावले. आधी मी "कबुली दिली" असं लिहिलं होतं.

म्हणून असं ठरवते. परस, त्यातला पाट, मोरी आणि लिंबाचं झाड धाकट्या जाऊबाईंना द्यावं. त्या फार चांगल्या आहेत असं माझं मत नाही. तोंड तिखट, हात लांब. पण पाट बुजला तर सगळ्यांत आधी त्यांचं भात वाळेल, आणि हे त्या झोपेतही विसरणार नाहीत. त्यांच्यामागे परस त्यांच्या मुलांना जाऊ नये. शेवटचं खाचर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जावं, मग तो कोणी का असेना. थोरल्याने यावर दावा केल्यास त्याने घरातूनही आपला पाय मागे घ्यावा आणि घर मुलीला जावं. तो दावा करणार नाही असं वाटतं. तरी लिहून ठेवते.

माझ्या नावाचा दगड कुठे बसवू नये. बसवायचाच झाला तर मोरीच्या डाव्या अंगाला बसवावा, तिथे भरावाला आधार लागतो.

ठिकाण: माझ्या घराची पडवी. तारीख मी घातलेली नाही. ती डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या अक्षरात वर कोपऱ्यात घातली आहे, म्हणजे दोन अक्षरं दोन माणसांची राहतील. सही माझी, प्रत्येक पानावर.

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. सही केली.

साक्षीदार दुसरा: कुलपं दुरुस्त करणारा. त्याला मजकूर वाचू दिलेला नाही, मी सही करताना फक्त पाहू दिलं. सही केली.

धाकट्या जाऊबाई पडवीत हजर होत्या. दोघांच्या सह्या झालेल्या पाहून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आण इकडे, मी पण करते. उद्या कुणी तुला वेडी म्हणायला नको." पेन त्यांनी उचललंही होतं. साक्षीला सही करणाऱ्याला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. या शेवटच्या ओळी मी डाव्या हाताने लिहीत आहे म्हणून अक्षर वाकडं आलं आहे, त्यावर कोणी शंका घेऊ नये: उजव्या हाताने मी त्यांचा हात धरून ठेवला आहे, आणि त्यांनी तो अजून सोडवून घेतलेला नाही.